वावरापासून पंगतीपर्यंत: अन्नाची नासाडी कुठे होते आणि ती कशी थांबवायची

मागच्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यात मी घरच्या तुरीचा ड्रम उघडला. झाकण काढताच कोंदट, उबट वास आला. हात आत घातला तर बोटांना पिठासारखी भुकटी लागली आणि तपकिरी भुंगे कोपरापर्यंत चढले. मूठभर दाणे दारातल्या उजेडात धरले. जवळजवळ प्रत्येक दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं. एक अख्खं पोतं गेलं.

घरात पहिला प्रश्न हाच निघाला की ड्रमचं झाकण कोणी सैल ठेवलं. पण झाकण घट्ट होतं, आणि भुंगा जूनमध्ये आलेलाच नव्हता. तूर वावरात उभी होती तेव्हाच तो वाळत्या शेंगांवर अंडी घालून गेला होता. मळणीवाल्यानं तूर पोत्यात भरून दिली, आम्ही तिला दोन दिवसांचं ऊन दाखवून ड्रममध्ये ओतली, आणि ज्याला त्याला वाटलं की आपलं काम झालं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथेच तो सांडतो, दबतो, किडतो. देणारा म्हणतो माझ्याकडून चांगला गेला, घेणारा म्हणतो माझ्याकडे आला तोच असा. दोघांच्या मधलं नुकसान कोणाच्याच वहीत चढत नाही. वावरातून थ्रेशरवर, थ्रेशरवरून पोत्यात, पोत्यातून गाडीत, गाडीतून बाजारात, बाजारातून चुलीवर, चुलीवरून पत्रावळीत. या प्रत्येक ठिकाणी उभं राहून काय करायचं, ते इथे लिहिते आहे. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात. घरी थोडी संत्री, तूर आणि हरभरा. शिवाय बचत गटाच्या आम्ही बारा जणी गावातल्या लग्नाचा, तेरवीचा स्वयंपाक घेतो. त्यामुळे पिकवणारं टोक आणि खाणारं टोक, दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतात.

नुकसान किती मोठं आहे याचे आकडे आधी बघू. केंद्राच्या अन्न प्रक्रिया मंत्रालयानं नाबार्डच्या सल्लागार कंपनीकडून पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०२२ चा आहे. त्यात काढणीपासून पुढे कडधान्यांचं ५.६५ ते ६.७४ टक्के, भाज्यांचं ४.८७ ते ११.६१ टक्के आणि फळांचं ६.०२ ते १५.०५ टक्के नुकसान होतं असं आढळलं. म्हणजे शंभर पोती तूर पिकली तर त्यातली सहाएक पोती कोणाच्याच पोटात जात नाहीत. हे झालं ताटात येण्याआधीचं. ताटाजवळचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ च्या अहवालात मांडला आहे. २०२२ या एका वर्षात जगभरातली दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६३ कोटी टन एकट्या घरांमधलं. भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलो असा अंदाज त्यात आहे. यात साली आणि देठंही धरलेली आहेत, तरी पाच माणसांच्या घराला तो पावणेतीन क्विंटल पडतो.

आधी आपल्या घरचा आकडा काढा

सात दिवस दोन बादल्या ठेवा. एकीत साली, देठं, कोया, म्हणजे खाता न येणारं. दुसरीत जे खाता आलं असतं ते: उरलेला भात, वाळलेली पोळी, सडलेलं भेदरं (टोमॅटो), पिवळा पडलेला सांबार (कोथिंबीर), फाटलेलं दूध. रात्री दुसरी बादली साध्या ताणकाट्याला लावा आणि कॅलेंडरच्या त्या तारखेवर वजन आणि पदार्थ लिहा. नुसतं वजन लिहून भागत नाही, पदार्थाचं नाव हवंच. आठवड्याच्या शेवटी दोन-तीनच नावं पुन्हापुन्हा दिसतील. आमच्याकडे भात आणि सांबार निघाले. शेजारच्या घरी दूध निघालं, कारण त्यांच्याकडे फ्रीज नव्हता आणि एप्रिल लागला होता.

हाच नियम वावरात लावायचा. ज्या टप्प्यावर माल दुसऱ्याच्या हातात जाणार, तिथे जाताना एकदा मोजायचं आणि पोचल्यावर एकदा मोजायचं.

सोंगणी आणि मळणी

हरभरा आणि तूर सकाळच्या दवात सोंगा. दहा वाजल्यानंतर घाटे इतके कडक होतात की विळा लागताच फुटतात आणि दाणे मातीत जातात. मजूर उशिरा येणार असतील तर उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर टाकलेलं परवडतं.

हार्वेस्टर लावत असाल तर एक सोपी तपासणी करा. जाड तारेची एक मीटर बाय एक मीटर चौकट बनवा. मशीन पुढे गेल्यावर तिच्या मागे तीन-चार ठिकाणी ती टाका आणि आतले दाणे मोजा. गव्हाच्या शंभर दाण्यांचं वजन सुमारे ४ ग्रॅम भरतं. एका चौकटीत १०० दाणे सापडले तर एकरी १६ किलो गहू जमिनीवर पडतो आहे असं समजा. देशी हरभऱ्याचे २० दाणे सापडले तरी तेच १६ किलो. पहिल्याच तासात हे दाखवलं तर चालक गाडीचा वेग कमी करतो, चाळणी आणि पंख्याची हवा बदलतो. एकर दोन एकर झाल्यावर सांगितलं तर वाद होतो. थ्रेशरच्या बाबतीत पहिलं पोतं भरताना मूठभर दाणे तळहातावर घ्या. फुटलेले दाणे जास्त दिसले तर ड्रमचे फेरे कमी करायला सांगा, कारण फुटलेल्या दाण्याला बुरशी आणि किडा दोन्ही लवकर लागतात. खाली ताडपत्री अंथरा आणि ती मशीनच्या चारही बाजूंना निदान हातभर बाहेर येऊ द्या. नाहीतर खालचं मातेरं झाडून घेण्यात दिवस जातो आणि खडे डाळीत येतात.

तूर, हरभरा घरात साठवताना

माझं पोतं जिथे गेलं ती ही जागा, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिलं काम म्हणजे दाणा खरंच वाळला आहे का ते बघणं. दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळला. दाताचा ठसा उमटला, दाणा चेपला, तर नाही. आणखी खात्री हवी असेल तर मिठाची परीक्षा करा. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग दाणे घ्या, त्यात दोन चमचे तव्यावर भाजून थंड केलेलं मीठ टाका, झाकण लावून चांगलं हलवा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी कडधान्याचं काम संपत नाही. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास यायला हवा, म्हणून आणखी दोन-तीन कडक उन्हं द्या. ऊन देताना थर बोटभराच्या वर नको, आणि खाली काळी ताडपत्री असेल तर दाणा लवकर तापतो. त्या तापण्यानं अंडी आणि अळ्याही बऱ्याच मरतात.

दुसरं, अंडी ओळखायला शिका. भुंग्याचं अंडं दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं चिकटलेलं असतं, नखानं खरवडल्याशिवाय निघत नाही. मळणीनंतर परातीत किलोभर तूर पसरून डोळ्याखालून घाला. ठिपके दिसले की ती तूर आहे तशी ठेवायचीच नाही.

तिसरं, गरम दाणा लगेच बंद करू नका. उन्हातून काढलेली तूर तशीच ड्रममध्ये ओतली तर रात्री आतून घाम सुटतो आणि वरचा थर दमट होतो. रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्या, सकाळी भरा. आमची दुसरी चूक हीच होती.

चौथं, ड्रम काठोकाठ भरा. अर्धा रिकामा ड्रम म्हणजे किड्यांना श्वास घ्यायला जागा. धान्य कमी असेल तर लहान डबा घ्या. हल्ली कृषी सेवा केंद्रांत हवाबंद थरांच्या पिशव्या मिळतात. तोंड पिळून, दुमडून, दोरीनं आवळून बांधलं की आतला प्राणवायू संपतो आणि भुंगा वाढत नाही. अशी पिशवी महिना-दीड महिना उघडू नका, मधे उघडून बघण्याच्या मोहात काम बिघडतं.

पाचवं, खाण्यापुरत्या तुरीला तेल चोळा. किलोला चमचाभर, म्हणजे ५ मिली शेंगदाण्याचं किंवा एरंडेल तेल पुरतं. दाणा बुळबुळीत झाला की अंडं त्यावर धरत नाही. आज्या-आत्या हेच करायच्या, त्यामागे कारण पक्कं आहे.

आणि शक्य असेल तर तूर तूर म्हणून ठेवूच नका. भुंग्याला अख्खा दाणा हवा असतो, डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी दाल मिल विकसित केली आहे आणि विदर्भातल्या बऱ्याच गावांत ती चालते. मार्च-एप्रिलमध्येच डाळ करून घेतली तर पावसाळ्याची धास्ती राहत नाही, चुणी जनावरांना होते, आणि तुरीपेक्षा डाळीला भाव मिळतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात ठेवू नका, वापरू नका. दमट हवा लागली की त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो, आणि झोपायच्या खोलीतच धान्याची पोती असणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. पोत्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दीड फूट अंतर आणि उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली जुनी पोती, इतकं केलं तरी बरंच भागतं.

विकायचा माल असेल आणि घरात जागा नसेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. पणन मंडळाची ही योजना जुनी आहे. समितीच्या गोदामात तूर किंवा सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. पैशाची निकड भागते, आणि माल पडवीत भिजत पडत नाही.

भाजी आणि संत्रं: तोडल्यापासून गाडीपर्यंत

संत्रं ओढून तोडू नका. ओढलं की देठाजवळचं साल फाटतं, आणि त्या फाटीतून हिरवी बुरशी आत शिरते. छोट्या कात्रीनं देठाचं बटण ठेवून कापायचं. पहाटेच्या दवात किंवा पावसानंतर लगेच तोडा करू नका, कारण तेव्हा फळ पाण्यानं टच्च भरलेलं असतं, जरा दाबलं तरी सालीतल्या तेलाच्या पुटकुळ्या फुटतात आणि दोन दिवसांनी तपकिरी डाग दिसतात. तोडणाऱ्यांची नखं कापलेली हवीत. फळ कॅरेटमध्ये ठेवायचं, फेकायचं नाही. एक नासकं फळ कॅरेटमध्ये राहिलं तर आठवडाभरात शेजारची सगळी हिरवी होतात, म्हणून भरताना एका माणसाचं काम नुसतं निवडण्याचं ठेवा.

वांगी, भेदरं, बरबटी (चवळीच्या शेंगा), सांबार यांचा नियम संत्र्याच्या उलट आहे. उन्हं चढायच्या आत तोडायचं आणि तोडलेलं झाडाखाली न्यायचं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात तासभर पडलेली पालेभाजी संध्याकाळच्या बाजारात मान टाकते. लांबच्या बाजारात जाणारं भेदरं नुकतं रंग धरताना तोडा आणि पोत्यात कधीच भरू नका.

आता शीतकक्षाकडे, म्हणजे भाजी थंड ठेवायच्या जागेकडे येते. कोल्ड स्टोरेज लांब, वीज बेभरवशाची. पण विदर्भातल्या प्रत्येक घराला कूलर माहीत आहे. ओल्या गवतातून कोरडी गरम हवा गेली की ती थंड होते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकात याच तत्त्वावर विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त थंड होतो, त्यामुळे आपला एप्रिल-मे त्याच्यासाठी सगळ्यात चांगला काळ आहे. बाहेर ४४-४५ अंश असताना आतलं तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली राहतं आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास.

बांधायचा असा. विहिरीजवळ किंवा नळाजवळ, वारा लागेल पण पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा निवडा. साडेपाच फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा विटांचा एक थर जमिनीवर मांडा, हा झाला तळ. त्याच्या कडेनं विटांच्या दोन समांतर भिंती उभ्या करा, दोघींमध्ये तीन इंचांची फट ठेवा. उंची सव्वा दोन फूट. सिमेंटची गरज नाही, मातीच्या गाऱ्यानं किंवा नुसत्या रचूनही चालतं. सुमारे चारशे विटा लागतात. नदीची वाळू धुऊन, भिजवून त्या फटीत भरा. झाकणासाठी बांबूची चौकट करून त्यावर वाळलेलं गवत किंवा वाळा विणा. वर ऊन आणि पाऊस अडवायला पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळक्या काड्यांचं) किंवा पत्र्याचं छप्पर घाला.

पहिल्या दिवशी विटा, वाळू, झाकण सगळं चिंब भिजवा. नंतर सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं. वरून डबक्यासारखं ओतू नका. वाळूच्या वर एक छिद्रं पाडलेला पाइप ठेवून बादली जोडली तर पाणी हळूहळू मुरतं. माल छिद्रांच्या प्लास्टिक कॅरेटमध्ये ठेवा. बांबूच्या टोपल्या आत ठेवल्या तर त्यांनाच बुरशी येते. पाण्याचे थेंब भाजीवर पडता कामा नयेत. या मापात साधारण क्विंटलभर माल बसतो. पालेभाज्या, भेदरं, वांगी, मिरची, लिंबं, संत्री ठेवा. कांदा, लसूण, धान्य ठेवू नका, त्यांना कोरडं हवं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हा कक्ष काही कामाचा नाही. त्या दिवसांत तो रिकामा करून वाळू द्या.

आमच्या गावात तीन भाजीवाल्या घरांनी मिळून एक बांधला. आठवडी बाजारातून उरलेली भाजी पूर्वी रात्रीच गुरांपुढे जायची. आता ती त्यात ठेवून दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावच्या बाजाराला नेतात.

बाजार

इथे आपल्या हातात थोडंच असतं. हर्रासीला, म्हणजे लिलावाला, माल उतरवताना हमाल कॅरेट आपटतात, पोत्याला हूक लावतात. तिथे स्वतः उभं राहा. गाडीत कॅरेटवर माणसं बसवू नका. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा भेदरं अंगठ्यानं दाबून दाबून बघायची सवय सोडा. दहा जणांनी दाबलेलं भेदरं त्या बाईला संध्याकाळी फेकावं लागतं. शेवटच्या तासाला वाकडी, लहान भाजी घेऊन त्याच रात्री शिजवली तर दोघींचंही भलं होतं.

घरातल्या चुलीजवळ

बादलीनं दाखवलेल्या नावांवरच काम करा. भात उरत असेल तर डोळ्यांनी तांदूळ घेणं थांबवा आणि एक ठरलेली वाटी ठेवा. कोण जेवायला आहे ते विचारूनच गंज (पातेलं) चुलीवर चढवा. सांबार धुऊन ठेवला की सडतो. न धुता, पिवळी पानं काढून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, लागेल तेव्हा धुवा. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात दूध तीनदा उकळा आणि पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाका. बटाटे आणि कांदे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात. पिकलेली केळी पालेभाजीपासून दूर ठेवा.

पाकिटांवरच्या तारखांचा अर्थ घरातल्या सगळ्यांना सांगा. एक्सपायरी किंवा यूज बाय असेल तर त्यानंतर खायचं नाही. बेस्ट बिफोर म्हणजे तोवर चव आणि कुरकुरीतपणा उत्तम राहील इतकंच. नीट बंद असलेलं, वास-रंग बरोबर असलेलं पाकीट त्यानंतर लगेच उकिरड्यावर टाकायची गरज नसते.

शिळ्या पोळीचा कुस्करा, भाताला फोडणी, हे आपल्याकडे आधीपासून आहेच. पण उन्हाळ्यात एक नियम पाळा: शिजवलेला भात दोन तासांच्या वर गंजात झाकून ठेवू नका. भातातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. वाचवायचा असेल तर लगेच परातीत पसरून थंड करा आणि फ्रीजमध्ये टाका.

पंगत

२३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रकटदिनाचा भंडारा आज गावोगाव होतो, आणि त्याच मांडवामागे अर्ध्या भरलेल्या पत्रावळींचा ढीग असतो. मला ते बघवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही एका लग्नाचा स्वयंपाक घेतला होता. मुलीच्या वडिलांनी आठशे माणसांचा आग्रह धरला. त्याच दिवशी आसपासच्या गावांत आणखी चार लग्नं होती. साडेतीनला शेवटची पंगत उठली तेव्हा शंभरच्या गठ्ठ्यांतले साडेपाच गठ्ठे संपले होते आणि भाताचा एक गंज तसाच्या तसा भरलेला होता. मुलीचे वडील त्या गंजाच्या झाकणावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. त्यांनी या लग्नासाठी कर्ज काढलं होतं. त्या दिवसानंतर आम्ही पुढची पद्धत बसवली.

यादीचे तीन भाग करा: चूलबंद आमंत्रणं (घरातल्या सगळ्यांना जेवण), घरटी एक माणूस, आणि बाहेरगावचे पाहुणे. चूलबंद घरांची डोकी खरोखर मोजा, लहान मुलं अर्धी धरा. त्याच तिथीला आजूबाजूला किती लग्नं आहेत ते विचारा आणि घरटीच्या आकड्यातून तेवढं कमी करा. आमचा शंभर माणसांचा हिशेब असा आहे: कणीक ११ किलो, तांदूळ ८ किलो, तूर डाळ ३ किलो, भाजी १२ किलो, बुंदी ५ किलो. मसालेभात वेगळा असेल तर साधा तांदूळ कमी करा.

किराणा परतीच्या बोलीवर घ्या. न उघडलेलं पोतं, सीलबंद डबा परत घेण्याचं दुकानदाराशी आधीच ठरवा. शिजवलेलं परत जात नाही, तांदूळ जातो.

एकदम सगळं शिजवू नका. भाजी आणि वरण दोन तृतीयांश, भात अर्धा, पोळ्या-पुऱ्या अर्ध्या, इतक्यावर पंगत सुरू करा. पत्रावळी शंभराच्या गठ्ठ्यांत मोजून द्या आणि एका पोराला नुसतं गठ्ठे मोजायला बसवा. दर गठ्ठ्याला तो येऊन आकडा सांगतो. तीन गठ्ठे संपायच्या आत मांडवात किती जण बाकी आहेत ते बघून पुढचा भात चढवा. मोठ्या भट्टीवर भाताला पाऊण तास लागत नाही, एवढा वेळ मठ्ठा आणि बुंदी वाढण्यात निघतो.

वाढप्यांना जमवून बोला. पहिल्या फेरीत सगळं अर्धं वाढायचं, मागितलं की कितीही. आग्रह करायचा तो गोडाचा नाही, पोळी-भाजीचा. लहान मुलांच्या पत्रावळीत त्यांच्या आईला विचारून वाढायचं. बुफे असेल तर ताटं लहान ठेवा आणि भात, बुंदी इथे वाढायला माणूस उभा करा. आचाऱ्याची मजुरी माणसांवर ठरवा, मालावर ठरवली की माल वाढतो.

पंगत उठली की वहीत चार आकडे लिहा: बोलावले किती, पत्रावळी किती, काय उरलं, काय कमी पडलं. पाच-सहा लग्नांनंतर ही वही कोणत्याही आचाऱ्यापेक्षा बरोबर सांगते.

तरीही उरलं तर

पत्रावळीत गेलेलं आणि भांड्यात राहिलेलं, हे वेगळं धरा. भांड्यातलं दोन तासांच्या आत वाटायचं, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. पुऱ्या, बुंदी, सुकी भाजी आधी पाठवा. कढी, मठ्ठा, वरणभात दुपार टळल्यावर कोणाला देऊ नका. देताना स्वच्छ डबे, झाकण, आणि शिजवल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. जे आपल्या मुलाला देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला द्यायचं नाही. वसतिगृह, मजुरांच्या झोपड्या, कुठे आणि किती माणसं आहेत ते लग्नाच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

जनावरांपुढे ओतू नका. त्या लग्नातला भात रात्री कोणीतरी गोठ्यात नेऊन टाकला. दोन म्हशींनी पोटभर खाल्ला. शिजवलेला भात, पोळ्या पोटात गेल्या की रवंथाच्या पोटात फार वेगानं आंबतात, आम्ल वाढतं, जनावर रवंथ सोडतं, पोट फुगतं, आंबूस वासाचं पातळ शेण टाकतं आणि बसून राहतं. पशुवैद्यक रात्री अकराला आले. एक म्हैस वाचली. द्यायचंच असेल तर जनावरामागे ओंजळभर, कुटारात (भुशात) कालवून द्या. आणि पत्रावळीसोबत प्लास्टिकचा द्रोण, चमचा जात नाही ना ते बघा.

उष्टं आणि आंबलेलं खतात घाला. त्यासाठी नाडेपचं टाकं आपल्याच भागातलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतींत हवेसाठी भोकं. आत शेणकाला शिंपडून घ्या. सहा इंच पालापाचोळा, पऱ्हाटीचे बारीक तुकडे, कुटार. त्यावर चार किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडा. त्यावर चाळलेली माती. असे थर वर येऊ द्या. उष्टं अन्न नेहमी मधल्या भागात, पाचोळ्यात मिसळून घाला आणि लगेच मातीनं झाका, नाहीतर कुत्री उकरतात. तेलकट तर्री, हाडं घालू नका. टाकं भरल्यावर वरून शेणमातीनं लिंपा. पंधरा-वीस दिवसांनी ते आठ-नऊ इंच खचतं, तेव्हा पुन्हा भरून लिंपा. मधूनमधून भोकातून बोट आत घाला. कोरडं लागलं तर त्याच भोकातून पाणी शिंपडा. साडेतीन-चार महिन्यांनी काढलेल्या खताला अन्नाचा वास उरत नाही, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो.